दोघांची एकच आद्याक्षरं

सोमवार, १२ जानेवारी १९९८, बोईसर

आज कमलाकरशी कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे मी भांडले, तो हसत होता, त्यामुळे माझा पारा आणखी चढला.

भांडणाचं कारण कोणाला सांगायची सोय नाही. आमचं ऑफिस एमआयडीसीत, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गोदामावर. खाली हमाल खोकी आपटतात, वर आम्ही सिंगापूरच्या एका कंपनीसाठी लायब्ररी लिहितो. लायब्ररी म्हटलं की सगळे विचारतात, किती पुस्तकं आहेत. आता लग्न झालं की शिरगावला सासरी समजावून सांगावंच लागेल, म्हणून इथे तालीम करते. हल्ली मालाची मागणी कॉम्प्युटरवरून फोनच्या तारेने येते. मागणारा खरा की भामटा, ते कसं ओळखायचं? तर त्याच्याकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर वरच्या कोणा मोठ्याची सही असते, आणि त्या मोठ्याकडे स्वतःचं प्रमाणपत्र असतं. सह्या खऱ्या आहेत का, मुदत संपलीय का, हे तपासणाऱ्या छोट्या छोट्या तुकड्यांना फंक्शन म्हणतात. अशी शेकडो फंक्शनं एकत्र ठेवली की झाली लायब्ररी. मागणाऱ्याच्या प्रमाणपत्राचं काम माझ्याकडे, वरच्या मोठ्याचं कमलाकरकडे.

भांडण असं: माझं मुदत तपासणारं फंक्शन ठीक असेल तर एक म्हणतं, मुदत संपली असेल तर शून्य. कमलाकरचं फंक्शन खोट असेल तर उणे आकडा देतं, बाकी काहीही आलं तरी ठीक. मी म्हटलं, दोघांनी एकच काहीतरी ठरवू. तर म्हणतो, "कशाला? नावापुढं आद्याक्षरं हायेत ना. व्ही-सी दिसलं का तुजी रीत, के-टी दिसलं का माजी. आमी दांडीवाले उणंच बगतो."

तो दांडीच्या कोळीवाड्यातला, बोलतो असाच. पण त्याचं म्हणणं खोटं नाही. सावेसाहेबांचा नियमच तसा आहे. दिनानाथ सावे आमचे मालक, एकेकाळचे कारखान्यातले इंजिनिअर. फंक्शनच्या नावात आधी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, मग क्रियापद, मग वस्तू. माझं व्ही-सी-चेक-डेट, म्हणजे विजया चुरी. त्याचं के-टी-चेक-डेट, कमलाकर तामोरे. साहेब म्हणतात, चूक निघाली तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं ते कळलं पाहिजे.

मंगळवार, २७ जानेवारी

हिय्या करून साहेबांपुढे नावांचा नवा नियम मांडला. नावात माणूस नकोच. आधी वस्तूचा प्रकार यावा, मग ती काय करते ते. प्रमाणपत्र-मुदत-तपास, सही-पडताळ, असं. आणि हो-नाहीची रीत सगळ्यांची एकच. म्हणजे परका माणूससुद्धा नाव वाचून समजेल.

साहेबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समजायचं, ऐकून घेणार नाहीत. "फंक्शनला आईबाप पाहिजेत, विजया. बेवारशी फंक्शन म्हणजे बेवारशी चूक." मी कागद परत उचलला. साहेब माझ्या भल्याचंच सांगतात. नोकरीला लागले तेव्हा मला साधा फ्लॉपीचा दरवाजा लावता येत नव्हता.

जाताना मात्र त्यांनी थांबवून सांगितलं की ही डिलिव्हरी निर्मळ गेली तर पुढच्या कामाची प्रमुख मी. हे फार वेळेवर झालं. काल प्रताप घरी आला होता, साखरपुड्यानंतर दुसऱ्यांदा. तो शिरगावची वाडी बघतो आणि पालघरला खतांचं दुकान चालवतो. नोकरीचं मीच काढलं. तो म्हणाला, आईचं म्हणणं हातातलं काम संपेपर्यंत कर, मग बघू. "बघू" म्हणजे काय ते मला कळतं. आज दुकानात फोन करून प्रमुखपदाचं सांगितलं, तर म्हणाला, "प्रमुख झालीस तर आईला मी समजावतो. नुसत्या नोकरीसाठी रोज एवढी दगदग तिला पटायची नाही." किती समजूतदार आहे. म्हणजे आता सगळं या डिलिव्हरीवर आलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी, शिरगाव

लग्न झालं. माझं नाव केतकी.

ताटात तांदूळ पसरून प्रतापने अंगठीने लिहिलं, सगळ्या बायकांनी वाकून वाचलं, आणि नणंद सुलूने मोठ्यांदा वाचून दाखवलं. नाव छान आहे. वाडीच्या कुंपणाला केतकीच आहे, म्हणून त्याला सुचलं. माझी काही तक्रार नाही. आईचंही लग्नात बदललं होतं, आजीचंही. आईला तिचं आधीचं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागतं, आम्ही तिला त्यावरून चिडवायचो.

काल सासूबाईंनी विहिरीवरून तीनदा हाक मारली म्हणे. मी नारळाच्या बुंध्याशी उभी, मला वाटलं केतकी तोडायला कोणाला तरी सांगतायत. सुलू खो खो हसली. सासूबाई हसल्या नाहीत. "नाव लागाया दिस लागतात, लागंल," एवढंच म्हणाल्या. मलाही हसू आलं. नंतर मोरीत तोंड धुताना उगाच रडूही आलं, पण ते दमणुकीमुळे. लग्नघरात झोप कुठे मिळते.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पुन्हा कामावर. शिरगावहून टमटमने पालघर, तिथून एसटीने बोईसर. हिरवा चुडा कीबोर्डवर वाजतो. खालच्या हमालांना वर काय चाललंय ते आता आवाजावरून कळत असेल.

साहेबांनी मस्टरवर माझं नाव आधीच बदलून ठेवलं होतं, सौ. केतकी प्रताप ठाकूर, सुंदर अक्षरात. म्हणाले, "ज्याचं जे नाव मस्टरवर, तेच फंक्शनवर. आजच बदलून घे. सिंगापूरला जाण्याआधी सगळं एकसारखं हवं." घरी उद्या सत्यनारायण, लवकर निघायचं होतं. एक हुकूम दिला आणि सगळीकडच्या व्ही-सीची के-टी झाली. मशीनने हूं की चूं केलं नाही. इतकी वर्षं लिहिलेलं सगळं चहा निवायच्या आत दुसऱ्या बाईचं झालं, गंमतच आहे.

गंमत म्हणजे आता कमलाकरची आणि माझी आद्याक्षरं एकच. भाऊबहीणच झालो. तो असता तर म्हणाला असता, बाय, तुला पण केटी लागली, कॉलेजात विषय राहिला की लागते तशी. पण तो रजेवर आहे, लग्नालाही आला नाही. वडिलांना लकवा झाला, बोलता येत नाही. होडी किनाऱ्यावर उभी आहे.

शुक्रवार, ६ मार्च

लायब्ररी गेली. सगळ्या चाचण्या पास. मागणाऱ्यांची चांगली प्रमाणपत्रं दिली, ती स्वीकारली. त्यांचीच मुदत संपलेली दिली, ती नाकारली. वरच्या मोठ्यांची चांगली दिली, तीही स्वीकारली. वरच्यांची जुनी घालून बघायला हवी होती, पण तो कमलाकरचा भाग, आणि त्याने तो डिसेंबरातच तपासून ठेवलेला. साहेबांनी पेढे आणले. प्रतापला फोन केला. तो म्हणाला, "आता फक्त त्यांचं उत्तर येऊ दे, आईशी बोलतोच."

मी सासूबाईंसाठी एक पेढा रुमालात बांधून नेला. त्यांनी तो देवापुढे ठेवला. बरं वाटलं.

सोमवार, १६ मार्च

सिंगापूरहून फॅक्स आला. तो वाचताना साहेबांची मान लाल होत गेली.

त्यांनी मुद्दाम दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचा वरचा मोठा उभा केला, आणि आमच्या लायब्ररीने त्याला खुशाल आत घेतलं. अशा माणसाच्या सहीवर कोणी भामटा कितीही माल मागवू शकतो. त्यांनी विचारलंय, हे कसं झालं, कोणी केलं, आणि पुन्हा होणार नाही याची खात्री काय. शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर पुढचं काम दुसऱ्यांना.

साहेबांनी एकच प्रश्न विचारला, वरच्या मोठ्याची मुदत तपासणारं फंक्शन कोणाचं? मी स्क्रीनवर नाव दाखवलं. के-टी.

"कमलाकर," साहेब म्हणाले. त्यांनी दांडीला शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला, आणि वडिलांच्या उशाशी बसलेल्या माणसाला बोलावून घेऊन जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी म्हणाले, उद्या येऊन आपलं सामान घेऊन जा.

मलाही वाटलं त्याचंच असणार. घरात आजारपण म्हटलं की हात चुकतो. आणि खरं सांगायचं तर भीती वाटली ती माझ्यासाठी. पुढचं काम गेलं तर प्रमुखपद गेलं, आणि मग शिरगावला विहिरीवर पाणी ओढत मी.

मंगळवार, १७ मार्च

कमलाकर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सामान घ्यायला म्हणून आला आणि सामानाला हात न लावता खुर्ची ओढून स्वतःचं फंक्शन वाचत बसला. बराच वेळ. मग म्हणाला, "यात काय पन चुकलं नाय. बग तू." मी वाचलं. खरंच चूक नव्हती. ते एकटं चालवून बघितलं, जुन्या प्रमाणपत्राला बरोबर उणे आकडा देत होतं. लायब्ररीत घातलं की तेच जुनं प्रमाणपत्र पास.

साहेब दाराशी उभे होते. "तुझंच नाव आहे ना त्यावर? मग?" कमलाकरने वर पाहिलं नाही. "नाव माजंच हाय," म्हणाला. खालून खोकी आपटल्याचे आवाज येत होते. मला त्या खोलीत थांबवेना.

बुधवार, १८ मार्च

सापडलं. सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी कमलाकरच्या फंक्शनच्या पोटात एक ओळ घातली, की तुला हाक मारली की स्क्रीनवर "आलो" असं छाप. लायब्ररी चालवली. काही छापलं नाही. म्हणजे त्याला कोणी बोलावतच नव्हतं. मग ओ कोण देत होतं? तशीच ओळ माझ्या फंक्शनात घातली. "आलो, आलो," दोनदा छापलं. एकदा माझ्या कामासाठी, एकदा त्याच्या.

माझं व्ही-सी-चेक-डेट लग्नानंतर के-टी-चेक-डेट झालं. त्याचं आधीपासून तेच होतं. एका नावाची दोन फंक्शनं एका लायब्ररीत, आणि मशीन जे पहिलं सापडेल ते उचलतं, तक्रार करत नाही. पहिलं माझं. कमलाकरचा भाग उणे आकड्याची वाट बघतो, माझं फंक्शन फक्त एक नाहीतर शून्य म्हणतं. उणे कधी येणारच नाही. म्हणून मुदत संपलेला वरचा कोणीही उठावं आणि आत यावं.

मी १९ फेब्रुवारीला इथेच लिहिलंय, आद्याक्षरं एकच, गंमत. पुढे एक शब्द विचार केला नाही. डोकं होतं कुठे? सत्यनारायणाच्या शिऱ्यात.

आज साहेब मुंबईला गेलेत. उद्या सांगायचं. प्रतापशी बोलले. तो आधी शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सांगायलाच पाहिजे का? तो तामोरे तरी किती दिवस राहणार तिथे, त्याची होडी आहे." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "मी तुझ्यासाठीच म्हणतोय. तुलाच नोकरी हवीय ना?"

हवीय. फार हवीय. इतकी हवीय हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं.

गुरुवार, १९ मार्च

सांगितलं. कमलाकरलाही बोलावून घेतलं होतं, त्याच्यासमोर सांगितलं. साहेबांना पडद्यावर दोन्ही फंक्शनं दाखवली. मग एकदम चिडले, आणि कमलाकरवर नाही, माझ्यावर.

"म्हणजे नियम माझा, नाव बदलायला सांगितलं मी, तेव्हा चूक माझी, असंच ना?"

"तसं नाही, साहेब." मला खरंच तसं म्हणायचं नव्हतं. ते मला वडिलांसारखे आहेत. हुकूम माझ्याच बोटांनी दिला होता.

"सिंगापूरला कारण पाहिजे आणि माणूस पाहिजे. कोणाचं नाव घालू?"

कमलाकर म्हणाला, "साहेब, दोगांचं घाला. के-टी म्हनजे दोगं पन आलो."

"चेष्टा नको."

"माझं घाला," मी म्हटलं.

"मग प्रमुखपद विसर." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. "आणि उत्तर तूच लिही. माझ्याने असलं लिहवणार नाही."

दुपारभर बसून लिहिलं. काय झालं, का झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून नावांचा नियम काय: आधी वस्तूचा प्रकार, मग काम, लिहिणाऱ्याचं नाव कुठेही नाही, आणि हो-नाहीची एकच रीत. जानेवारीतला माझा कागदच म्हणा, फक्त आता त्यापायी रक्त आटलेलं. कमलाकरने शेजारी बसून एकेक फंक्शन नव्या नावाने लिहून काढलं. त्याचं उणं गेलं, माझा एक राहिला. मी म्हटलं, तुझी रीत ठेवू. म्हणाला, "असू दे. तुजी सोपी हाय. मी तवा हट्टानं बोललो."

खाली सही केली, के. ठाकूर. साहेबांनी वाचलं. कितीतरी वेळ कागद हातात धरून उभे होते. मला वाटलं फाडतात. मग स्वतः जाऊन फॅक्समध्ये सरकवला.

शुक्रवार, २० मार्च

सिंगापूरहून काही नाही. फोन वाजला की तिघेही माना वर करतो. एकदा खोक्यांच्या गोदामासाठी आला, एकदा चुकीचा नंबर.

घरी सासूबाईंनी विचारलं, काम संपलं का. मी म्हटलं, संपत आलंय. "मंग पाडव्यापासून वाडीत चल. केवड्याच्या बाजूला पानवेल लावायची हाय, दोन हात कमी पडतात," म्हणाल्या. वाईट काहीच बोलल्या नाहीत. माझ्या पानात भाकरीवर तूप जास्तच घातलं.

मंगळवार, २४ मार्च

आज आला फोन. साहेबांनी घेतला. सिंगापूरच्या लिमबाई, सगळा व्यवहार त्याच बघतात. साहेब नुसतं "यस, यस" म्हणत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत होता. मग रिसीव्हरवर हात ठेवून कमलाकरकडे वळले.

"उत्तर आवडलं त्यांना. म्हणतात, चूक सगळेच करतात, एवढं स्वच्छ कोणी लिहून देत नाही. नावांचे नियम त्या त्यांच्या बाकीच्या कामालाही लावणार. पुढचं काम आपलं." दम घेतला. "पण ते लिहिणारा माणूसच प्रमुख पाहिजे म्हणतात. सहीतलं के. ठाकूर म्हणजे मिस्टर के. टी., असं धरलंय त्यांनी. दोन वर्षं सगळीकडे हेच नाव बघतायत ना त्या. तुलाच मागतायत, कमलाकर. घे."

साहेबांना कोणी लिहिलं ते माहीत होतं. त्यांनीच तो कागद सरकवला होता. मला कळेना की ते विसरले की काय. मी उभी राहिले आणि पुन्हा बसले. कमलाकरकडे बघवेना. घरी अंथरुणाला खिळलेला बाप, उभी होडी, दोन लहान मुलं. प्रमुखपद त्याने घेतलं असतं तर मी काय तोंडाने नको म्हणणार होते?

त्याने रिसीव्हर घेतला. त्याचं इंग्रजी दांडीच्या वाळूतून चालल्यासारखं, सावकाश. "मॅडम, के. टी. मी. पण तो कागद मी नाही लिहिला. आमच्याकडे एक बाई आहेत, त्यांनी लिहिला. पहिल्यापासून त्यांचंच म्हणणं होतं." पलीकडून काहीतरी विचारलं. कमलाकरने रिसीव्हर छातीशी धरला आणि माझ्याकडे वळला.

"नाव इचारतेय. काय सांगू?"

"मिसेस ठाकूर सांग ना," साहेब म्हणाले. "के. ठाकूर. मस्टरवर आहे ते."

कमलाकर माझ्याकडेच बघत थांबला. आयएसडीचा खर्च त्यांचा होता, पण मला वाटत होतं घड्याळ माझ्यावर धावतंय. ठाकूर म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांना कळलं असतं, थोडं समजावून सांगितलं की. नाव छान आहे, माझी काही तक्रार नाही, हे मीच इथे लिहिलं होतं.

"विजया चुरी," मी म्हटलं. "व्ही. सी. सांग."

साहेबांनी चष्म्याला हात घातला, पण काढला नाही. कमलाकरने ते नाव फोनमध्ये सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, दोनदा.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा प्रताप ओट्यावर होता. "काय झालं?"

"मिळालं. मीच प्रमुख."

तो उठलाच. इतका आनंद त्याच्या चेहऱ्यावर मी लग्नातही पाहिला नव्हता. आत वळून ओरडला, "आई, बाहेर ये! केतकी साहेब झाली, केतकी!" सासूबाई हात पुसत आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "बरं झालं गो. पानवेल काय, सुलू लावंल." सुलूने तोंड वाकडं केलं आणि हसली. मीही हसले, सगळ्यांना चहा केला.

महिन्याभरात सिंगापूरहून करारपत्र येईल, त्यावर विजया चुरी असेल. ते यांना उद्या सांगेन. उद्या नाही जमलं तर पाडवा झाल्यावर. पण सांगणार आहे.